तुम्ही विचारलंत म्हणून: मसल शोल्सच्या पाण्यात आहे तरी काय?

हंट्सव्हिलला आमच्याकडे कोणी राहायला आलं की पहिला दिवस रॉकेट सेंटरमध्ये जातो आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांना सव्वा तासावरच्या मसल शोल्सला घेऊन जाते. तिथे पोचल्यावर जवळजवळ प्रत्येकजण हेच विचारतो, की अलाबामातल्या एवढ्याशा गावात एवढी मोठमोठी गाणी रेकॉर्ड झालीच कशी, इथल्या पाण्यात आहे तरी काय? शेजारून टेनेसी नदी वाहते आणि तिथलेही बरेचजण नदीकडेच बोट दाखवतात. मला विचाराल तर उत्तर नदी नाही, गायकांना साथ करणारे वादक!

खरं तर ही चार गावं आहेत, एकमेकांना चिकटलेली. फ्लॉरेन्स, शेफिल्ड, टस्कंबिया (हेलन केलरचं जन्मगाव) आणि मसल शोल्स, ज्याची वस्ती आजही १६ हजारांच्या आसपास. इथे रिक हॉल नावाच्या गरिबीतून वर आलेल्या हट्टी माणसाने फेम हा रेकॉर्डिंग स्टुडिओ उभा केला. सुरुवात फ्लॉरेन्समध्ये औषधाच्या दुकानाच्या वर झाली, मग १९६१ मध्ये हॉटेलात सामान उचलणाऱ्या आर्थर अलेक्झांडरचं एक गाणं त्याने रेकॉर्ड केलं, ते गाजलं आणि त्या पैशातून अ‍ॅव्हलॉन अ‍ॅव्हेन्यूवरची आत्ताची इमारत बांधली.

पण खरी गंमत स्टुडिओतल्या पोरांची आहे. गायक न्यूयॉर्कहून येवो नाहीतर डेट्रॉइटहून, साथीला हीच आसपासची मंडळी, ड्रम्सवर रॉजर हॉकिन्स, गिटारवर जिमी जॉन्सन, कीबोर्डवर स्पूनर ओल्डहॅम आणि नंतर बॅरी बेकेट, बासवर डेव्हिड हूड. रोज एकत्र वाजवायचं, त्यामुळे कोण कुठे थांबणार, कोण कुठे जागा सोडणार हे एकमेकांना न बोलता कळायचं. आणि मला सगळ्यात भावतं ते हे, की ही माणसं कमी वाजवतात, गायकाच्या वाटेत कुठेही येत नाहीत.

जानेवारी १९६७ चं उदाहरण सांगते. गायिका अरीथा फ्रँकलिन तोवर काही वर्षं दुसऱ्या कंपनीत गात होती पण म्हणावं तसं नाव झालं नव्हतं, तिला अटलांटिक रेकॉर्ड्सचा निर्माता जेरी वेक्सलरने फेममध्ये आणलं. 'आय नेव्हर लव्हड अ मॅन' करायचं होतं, सगळे वाद्यं घेऊन बसलेत आणि गाणं काही केल्या पकडीत येईना. तेवढ्यात स्पूनर ओल्डहॅमने वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानोवर एक संथ, थोडासा अडखळत चालणारा तुकडा छेडला आणि बाकीच्यांनी तोच धरला. आजही रेकॉर्ड लावली की सुरुवातीला तोच तुकडा येतो, त्याचं वजन आपल्या दादऱ्याच्या जवळचं आहे, म्हणून आपल्या कानाला ते गाणं परकं वाटत नाही. पुढे त्याच दिवशी भांडणं झाली आणि अरीथा निघून गेली, पण वेक्सलरने मग याच पोरांना न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. अरीथाच्या 'रिस्पेक्ट'मागे ड्रम्स हॉकिन्सचे आहेत!

हे सगळं कुठल्या अलाबामात चाललं होतं तेही लक्षात घ्या. १९६३ मध्ये इथला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात उभा राहिला होता. गायक विल्सन पिकेट तर इथलाच, प्रॅटव्हिलचा, पण फेमला येताना विमानातून कापसाची शेतं आणि त्यात राबणारी काळी माणसं पाहून त्याला परत फिरावंसं वाटलं होतं, असं तो सांगायचा. पर्सी स्लेज शेजारच्या हॉस्पिटलात ऑर्डर्ली होता, १९६६ मध्ये शेफिल्डच्या छोट्या स्टुडिओत त्याने 'व्हेन अ मॅन लव्हज अ वूमन' गायलं आणि ते देशात पहिल्या नंबरवर गेलं. स्टुडिओच्या आत काळे गायक आणि गोरे वादक एका गाण्यासाठी जीव तोडून राबत होते हे खरंच, पण स्टुडिओचे मालक गोरेच होते हेही खरं, आणि स्टुडिओच्या टूरवर ऐकायला मिळणाऱ्या गोड गोष्टींत हे राहून जातं असं मला वाटतं.

१९६९ मध्ये हॉकिन्स, जॉन्सन, बेकेट आणि हूड फेममधून बाहेर पडले आणि शेफिल्डला ३६१४ जॅक्सन हायवेवर त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. वादकच मालक! त्याच डिसेंबरात रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश बँड तिथे तीन दिवस होता आणि 'वाइल्ड हॉर्सेस', 'ब्राऊन शुगर' तिथलीच. इमारत इतकी साधी आहे की नंबर दिसला नाही तर गाडी सरळ पुढे निघून जाते.

तुम्ही आलात तर दोन्ही स्टुडिओ बघा, दोन्हीकडे टूर असते, पण येताना गाडीत स्टेपल सिंगर्सचं १९७२ चं 'आय'ल टेक यू देअर' नक्की लावा. त्यात मधे मेव्हिस स्टेपल्स गाता गाता बास वाजवणाऱ्या हूडला 'लिटल डेव्हिड' अशी हाक मारते आणि त्याला पुढे यायला जागा देते, आपल्याकडे मैफलीत गायिका तबलजीकडे वळून बघते ना, अगदी तसं, फक्त इथे ते रेकॉर्डवर कायमचं राहिलंय. तेवढा बास एकदा लक्ष देऊन ऐका, मग स्टुडिओत मी काय दाखवते ते पटकन कळेल.