भगरीची रात्र

महाशिवरात्रीला आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर संध्याकाळीच जादा सलाईन काढून ठेवतात. मराठवाड्यात नोकरी केलेल्या डॉक्टरला याचं कारण सांगावं लागत नाही. त्या वर्षी रात्री नऊच्या सुमारास आधी जीप आली, मागोमाग ट्रॅक्टर. ट्रॉलीत बायका, पोरं, म्हातारी माणसं. उलट्या बहुतेकांना होत्या, पण माझं लक्ष गेलं एका आजींच्या हाताकडे. पाण्याचा पेला तोंडाशी नेईस्तोवर अर्धा पदरावर सांडला. "डोकं गरगरतंय अन् हात काही थांबंना," त्या म्हणाल्या. ताप नाही, जुलाब एखाद्यालाच.

"आजी, जेवलात कधी? पहिली उलटी कधी झाली?"

दोन्हींत जेमतेम दोन तासांचं अंतर. साल्मोनेला जिवाणू असता तर किमान सहा तास लागले असते, बहुधा दुसरा दिवसच उजाडला असता, आणि ताप-जुलाब सोबत आले असते. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचं विष तासा-दोन तासांत उलट्या करवतं खरं, पण त्यात असा कंप सुटत नाही. कंप म्हटला की फवारणीच्या औषधाची शंका घ्यावीच लागते. टॉर्च मारून बाहुल्या पाहिल्या. टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या नव्हत्या, लाळ गळत नव्हती, घामही नव्हता. राहिली उपासाची भगर.

आरोग्यसेवकाच्या हाती वही दिली: नाव, वय, काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधीपासून. जीप चालवत आलेला गडी ठणठणीत होता. त्याने नुसती साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. उलट उपास नसलेली एक पोरगी आईच्या ताटातली भगरीची भाकर खाऊन आडवी झालेली. भगरीवर, त्यातही सुट्या पिठावर, ओल लागली की अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि फ्युमिगाक्लॅविनसारखी विषं तयार करते. भाकर खरपूस भाजली म्हणून ती जात नाहीत.

नातेवाइकांचं एकच पालुपद, "सायेब, सलाईन लावा." सलाईन लावलं ते पोटात काहीच न ठरणाऱ्यांना, लघवी न झालेल्यांना आणि सहा महिन्यांच्या गरोदर बाईला. बाकीच्यांना ओआरएस: एक पुडी एक लिटर पाण्यात, उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा. अँटिबायोटिक कुणालाच नाही. बुरशीच्या विषाला त्याचं काय? हे पटवताना मात्र घसा बसला. भोवळ होती म्हणून संडासलाही कुणाला एकटं सोडलं नाही.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना रात्रीच कळवलं. पहाटे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा झाला आणि आशाताई पीठ गोळा करायला घरोघर निघाल्या. तपासणीसाठी नमुना हवा होता, शिवाय उरलेलं पीठ कुणाच्या पोटात जायला नको होतं. बऱ्याच जणींनी निमूट दिलं. एकीने मात्र डबा कणगीमागे सरकवून ठेवलेला. "पैसे मोजलेत त्याचे, येत्या एकादशीला होईल," म्हणाली. तिची सासू तेव्हा आमच्याकडे दुसऱ्या बाटलीवर होती.