तुम्ही विचारलंत म्हणून: दोन मजली उंचीच्या हॉलचं काय करायचं?

डुप्लेक्स किंवा रो-हाउस घेतलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न: "हॉलची उंची दोन मजल्यांची आहे. सोफा, टीव्ही, सगळं लावलं तरी ओकंबोकं वाटतं. वरच्या भिंतींवर काय लावू?"

त्यावर माझा पहिला प्रश्न असतो की वर जे लावाल तिथपर्यंत तुमचा हात कसा पोचणार? बल्ब जाणार, पडद्यावर धूळ बसणार, कोपऱ्यात कोळिष्टकं धरणार. घरातल्या शिडीवरून साधारण दहा-अकरा फुटांपर्यंतचं काम होतं. त्यापुढच्या प्रत्येक वस्तूसाठी परांची बांधावी लागते, म्हणजे अर्धं सामान हलवायचं आणि दोन दिवस घर धुळीत. म्हणून दहा फुटांच्या वरचं सगळं रंगकामाची परांची उतरायच्या आत ठरवून बसवून घ्या. झुंबराचा हूक, पडद्यांचे ब्रॅकेट, मोटरसाठी वायर, खिडकीच्या चौकटीभोवतीचं सिलिकॉन हे सगळं त्यात आलं. पश्चिमेची उंच काच असेल तर बाहेरून पाणी मारून गळती बघून घ्या. पावसाळ्यात अठरा फुटांवरून भिंतीवर ओघळ उतरू लागला, तर नव्या रंगाची वाट लागते आणि परांची पुन्हा बांधावी लागते.

हिशेबासाठी 15 बाय 18 फुटांचा हॉल धरू, उंची 20 फूट. तो रिकामा वाटतो, कारण नजरेला थांबायला जागा नसते. वर चित्रं टांगून ते सुधारत नाही. माना वर करून चित्रं कोणी बघत नाही. जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यात सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, त्यांच्यामधल्या महिरपी आणि माणसाच्या डोक्याच्या थोड्या वर लोंबणाऱ्या दिव्यांच्या हंड्या असत. छत कितीही वर असलं तरी बसणाऱ्याला आपल्या मापाची खोली मिळायची. आपणही तेच करायचं: साडेआठ-नऊ फुटांवर एक आडवी रेघ पक्की करायची. वरच्या मजल्याची गॅलरी किंवा तुळई ज्या पातळीवर असेल तीच रेघ धरा. लाकडी पॅनेलिंग, पुस्तकांचं कपाट किंवा नुसता गडद रंग तिथपर्यंत न्या आणि वरची भिंत फिकट, मोकळी ठेवा. चित्रांचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास, नेहमीच्या घरात ठेवता तिथेच. सामान थोडं आणि मोठं असावं: 9 बाय 12 फुटांचा गालिचा, सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर. मधोमध तरंगणारा 5 बाय 7 चा गालिचा इथे पायपुसण्यासारखा दिसतो.

दिव्यांमध्ये सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. नेहमीच्या फ्लॅटसारखे वरच्या पीओपीत डाउनलाइट, म्हणजे खाली झोत टाकणारे दिवे, ठोकले जातात आणि खाली अंधुक उजेड पडतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. साध्या डाउनलाइटचा झोत 60 अंशांचा धरला, तर वीस फुटांवरून टीपॉयच्या उंचीवर येईपर्यंत तो जवळजवळ बावीस फूट पसरतो. म्हणजे बराचसा उजेड भिंतींवर सांडतो. तिथे 24 अंशांचा दिवा लावला तर वर्तुळ आठ फुटांच्या आसपास राहतं आणि बैठकीवर नीट उजेड येतो. त्यातही माझं मत असं, की वरचे दिवे दोन-चारच असावेत. खरा उजेड खालून द्या: सहा-सात फुटांवर भिंतीवरचे दिवे, सोफ्याशेजारी उभा लॅम्प, गॅलरीच्या कडेखालून एलईडी पट्टी, सगळे 2700 ते 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. एलईडीच्या आधी बहुधा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा डबा) जातो, म्हणून ड्रायव्हर छतात न ठेवता गॅलरीच्या पातळीवर, हाताशी येतील असे ठेवायला इलेक्ट्रिशियनला बजावून सांगा.

झुंबराचं माप काढायचा ढोबळ नियम: खोलीची लांबी-रुंदी फुटांत घेऊन बेरीज करायची, तेवढे इंच व्यास. आपल्या हॉलला 33 इंच. उंची मात्र चार-साडेचार फूट हवी, नाहीतर ते वर चिकटलेलं दिसतं. खालचं टोक नऊ-दहा फुटांवर आणा. वजन स्लॅबच्या हुकावर घ्यायचं, पीओपीच्या पत्र्यावर कधीही नाही. बजेट असेल तर झुंबर खाली उतरवणारी मोटर आत्ताच बसवा. दिवाळीच्या साफसफाईला ती स्वतःची किंमत वसूल करते.

पंख्याची पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर हवीत, म्हणजे वीस फुटांच्या स्लॅबपासून दहा-अकरा फुटांचा पाइप. तो अखंड घ्या. दोन तुकडे जोडून केलेला पाइप जोडावरच दगा देतो. इतक्या लांबीला पंखा डोलणारच, त्यामुळे तीन बाजूंनी ताणाच्या तारा द्याव्या लागतात. वरचा रबर बुश, बोल्ट आणि स्प्लिट पिन दरवर्षी तपासायला पुन्हा कोणीतरी वर चढणार. बहुतेक घरांत गॅलरीखाली एक पंखा आणि भिंतीवर साडेसात फुटांवर दोन, असं बसवणं जास्त शहाणपणाचं. शिवाय मध्यभागी लोंबता पंखा आणि त्याच्या वर डाउनलाइट असले, की पाती उजेड कापत राहतात आणि फरशीवर सतत सावल्या लुकलुकतात. तिथे बसून वाचता येत नाही.

झोपाळ्याचं तर प्रत्येकाच्या मनात असतं: उंच छत आहे, टांगू या मधोमध. इथे थांबून विचार करा. झोपाळ्याचा हेलकावा कड्यांच्या लांबीवर ठरतो. आठ फूट कड्यांवर एक येरझार साधारण तीन सेकंदांत होते, अठरा फूट कड्यांवर पावणेपाच सेकंदांत. झोका संथ होतो, पण लांबवर जातो आणि पुढेमागे जास्त मोकळी जागा मागतो. पाय लावून थांबवायलाही जड जातो, तिरकाही फिरतो. त्यापेक्षा नऊ-दहा फुटांवर भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी तुळई टाकून त्यावर लाकडी आवरण करा आणि झोपाळा तिला टांगा, किंवा थेट गॅलरीखाली घ्या. सागवानी पाट आणि तीन माणसं मिळून पाव टनाच्या आसपास वजन होतं आणि झोक्यात ते आणखी वाढतं. पंख्याच्या हुकाचं हे काम नव्हे. आरसीसी कन्सल्टंटला दाखवून काँक्रीटच्या तुळईतच केमिकल अँकर (भोकात रसायनाने पक्का केलेला बोल्ट) घ्या. चार कड्यांना चार.

आता पडदे. खिडकी 10 फूट रुंद, 18 फूट उंच. 48 इंच पन्ह्याच्या कापडाच्या एका पाटाला, म्हणजे उभ्या पट्टीला, चुण्या घातल्या की वीसेक इंच भरतात, म्हणजे सहा पाट. प्रत्येकी 18 फूट अधिक वरखालच्या दुमडीला एक फूट. सहा पाटांचे 114 फूट, म्हणजे 35 मीटर. मध्यम जाडीच्या कापडाचं हे वजन बारा-तेरा किलो होतं, अस्तर लावलं तर त्याहून बरंच जास्त. साधा रॉड मध्ये झोळ खातो. छताला किंवा भिंतीला जागोजागी धरलेला ट्रॅकच लागतो. सुती कापड धुतल्यावर चार टक्के आटलं, तर अठरा फुटांत साडेआठ इंच कमी होतात आणि पडदा लांडा दिसतो. म्हणून कापड आधी धुऊन घ्या. पडदा आठवडाभर टांगून ठेवा, वजनाने तो थोडा उतरतो, मग खालची दुमड शिवा. मधे तुळई असेल तर खाली नऊ फुटांचे पडदे आणि वर मोटरचा रोलर ब्लाइंड हे स्वस्त आणि सुटसुटीत पडतं. बॅटरीवरची मोटर मात्र घेऊ नका, ती उतरली की चार्जिंगसाठी पुन्हा सोळा फुटांवर जायचं. तिथे वायरच न्या.

आवाजाकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि राहायला गेल्यावर सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. खोलीचं घनफळ दुप्पट झालं आणि आवाज शोषणारं सामान तेवढंच राहिलं, तर घुमण्याचा काळही दुप्पट होतो. व्हिट्रिफाइड टाइल, काच, गुळगुळीत पुट्टी या तिन्हींवरून आवाज जवळपास पुरता परततो. हॉलमध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. घुमारा ठळक ऐकू आला तर टीव्हीवरचे संवाद कळणार नाहीत. गालिचा खाली नमद्यासकट (दाबलेल्या लोकरीच्या जाड थरासकट) घाला, पडदे जाड घ्या, भिंतभर पुस्तकं असतील तर उत्तम. त्या मोठ्या मोकळ्या भिंतीवर काही लावायचंच असेल तर ते कापडाचं असू द्या: मोठी गोधडी, लोकरी जाजम, घोंगडी. भिंतीपासून दोन इंच पुढे धरलेल्या लाकडी काठीवर टांगा, मागच्या हवेमुळे आवाज जास्त शोषला जातो. काठी दोन कप्प्यांवरून (पुलींवरून) दोरीने वर चढवा. झटकायची असली की दोरी सोडून खाली घेता येते.

एसी जमिनीपासून सात-आठ फुटांवर लावा; वरची हवा थंड करून कोणालाच उपयोग नाही. जिना हॉलमधूनच वर जात असेल तर गरम हवा वरच्या बेडरूमच्या दारात जमते. त्यावर उपाय म्हणजे सगळ्यात वरच्या काचेत उघडणारी झडप किंवा झापांचा एक्झॉस्ट पंखा, बाहेरून कबुतरांसाठी जाळी आणि स्विच खाली. उन्हाळ्यात संध्याकाळी खालच्या खिडक्या उघडून तो अर्धा तास चालवला की एसी कमी वेळ लावला तरी चालतो. बिल्डरने वरची काच बंद चौकटीत दिली असेल, तर ताबा घेण्याआधीच ती बदलून मागा.