ट्युबिंगन, एस्लिंगन, काल्फ: हेरेनबर्गच्या घरातून

जर्मनीला जाणारी आपली बरीचशी मंडळी बर्लिन, म्युनिक आणि ऱ्हाइनवरची बोट एवढं करून परततात. मला तो देश खरा भेटला तो श्टुटगार्टजवळच्या हेरेनबर्ग या छोट्या गावात. भाषा शिकायला आलेल्यांना घरी ठेवून घेणारं, साठी उलटलेलं एक जोडपं होतं. त्यांच्या नातवंडांप्रमाणे मीही त्यांना ओमा-ओपा, म्हणजे आजी-आजोबा, म्हणायचे. सकाळी ओमा ब्रेत्सेल हा गाठ मारल्यासारखा वळवलेला पाव आडवा कापून, आत लोणी लावून कागदी पिशवीत द्यायच्या. ओपा टेबलावर नकाशा पसरून आजचं गाव ठरवायचे. राज्यभर चालणारं दिवसाचं रेल्वे तिकीट कामाच्या दिवशी नऊनंतरच लागू होतं, त्यामुळे चहा निवांत व्हायचा.

ट्युबिंगनला मी पुन्हा पुन्हा गेले. तिथलं विद्यापीठ १४७७ चं, काउंट एबरहार्टने स्थापन केलेलं. खगोलशास्त्रज्ञ केपलर इथेच शिकला. सगळे पर्यटक नदीकाठी फोटो काढतात. तुम्ही आधी किल्ल्यावर चढा. तिथल्या जुन्या स्वयंपाकघरात एकेकाळी विद्यापीठाची प्रयोगशाळा होती. फ्रीडरिश मीशर नावाचा तरुण डॉक्टर दवाखान्यातून पू लागलेली बँडेजं आणायचा, धुवायचा आणि त्यातल्या पेशी वेगळ्या काढायचा. १८६९ मध्ये त्या पेशींच्या केंद्रकात त्याला जो पदार्थ सापडला, त्यालाच आज आपण डीएनए म्हणतो. जाड दगडी भिंती, कमानीचं छत, थंडगार हवा. मी तिथे कितीतरी वेळ उभी होते. त्याच किल्ल्यातल्या संग्रहालयात मॅमथ या प्राचीन हत्तीच्या सुळ्यात कोरलेला एक घोडा आहे, जेमतेम पाच सेंटीमीटरचा. पाय तुटलेत, पण मानेचा बाक असा की आत्ता वळून बघेल. वय सुमारे ४० हजार वर्षं!

खाली नेकार नदीच्या काठावर पिवळा मनोरा दिसतो, तो कवी ह्योल्डरलिनचा. मन आजारी झाल्यावर वैद्यांनी हात टेकले, तेव्हा त्सिमर नावाच्या सुताराने त्याला आपल्या घरी आणलं. १८०७ पासून १८४३ मध्ये मरेपर्यंत, तब्बल ३६ वर्षं तो तिथेच राहिला. त्याच्या कवितेइतकंच मला त्या सुताराच्या घराचं मोठेपण वाटतं.

एस्लिंगनला हेरेनबर्गहून एस-बान ही लोकल गाडी थेट जाते. हाफेनमार्क्टवरची लाकडी चौकटींची घरं १३३० च्या सुमाराची, एकमेकांना खेटून एका ओळीत उभी. दुसऱ्या महायुद्धातून हे गाव बरंचसं वाचलं, पण घरं टिकली ती राहणाऱ्यांमुळे. खिडक्यांत फुलं होती, एका दारात लहान मुलाची सायकल होती.

ही निगा कशी राखली जाते ते आमच्याच जिन्यात दिसायचं. इमारतीत तीन बिऱ्हाडं. ज्याची पाळी त्याच्या दारावर ‘केरवोखं’ची पाटी लटकायची: त्या आठवड्यात जिना, अंगण आणि पुढचा रस्ता त्याने झाडायचा. ओपांनी सांगितलं, याच एबरहार्टच्या काळात, १४९२ मध्ये, श्टुटगार्टच्या नगरनियमांत दर आठवड्याला आपली घाण बाहेर नेण्याचं फर्मान निघालं होतं. आमच्या दारावर पाटी आली तेव्हा झाडू मी हातात घेतला. ओमांनी त्या रात्री मसुराची उसळ आणि फळीवरून सुरीने उकळत्या पाण्यात सोडलेल्या श्पेत्सले, म्हणजे अंड्याच्या पिठाच्या शेवया, केल्या. थोडा व्हिनेगर पडतो त्या उसळीत, आमसुलासारखाच आंबटपणा येतो.

काल्फला ओपा स्वतः गाडीने घेऊन गेले. नोबेल मिळालेला लेखक हेर्मान हेस १८७७ मध्ये या गावात जन्मला. नागोल्ड नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर त्याचा पुतळा उभा आहे. त्याची आई केरळात, तलश्शेरीजवळ जन्मलेली, आणि आजोबा हेर्मान गुंडर्ट म्हणजे मल्याळमचा मोठा शब्दकोश रचणारे. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेतर्फे ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आले होते.

बासेल मिशन! हे नाव मी लहानपणापासून वाचत आले होते, आमच्या देवगडच्या घराच्या छपरावरच्या कौलांवर. मंगळुरी कौलांचा कारखाना १८६५ मध्ये याच मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन माणसाने काढला होता. मी पुलावरूनच चुलतभावाला फोन केला. त्याने पडवीवरचं एक कौल उतरवून फोटो पाठवला. ओपांनी चष्मा चढवून त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचली आणि विचारलं, कोकणात पाऊस किती पडतो, कौलं किती वर्षांनी शाकारता, फुटलं तर नवं मिळतं का? घरी पोचल्यावर ओमांनाही तो फोटो दाखवला. रात्री उशिरापर्यंत आमचं छपरांवरच बोलणं चाललं होतं.