‘थांबा’ म्हणायचं कोणी?

इंग्लंडमधल्या विद्यापीठात समस्याप्रधान नाटकावर संशोधन करायचं म्हटलं की आधी एका वाक्यात प्रश्न द्यावा लागतो. ‘असं नाटक अधिक समावेशक कसं होईल?’ असं लिहिलं तर कागद परत येतो आणि समासात दोनच शब्द असतात: कोणासाठी? केव्हा? पथनाट्याच्या गोलात उभं राहून वाढलेल्या माणसाला हे झोंबतं. सत्यशोधक जलसे असोत की आंबेडकरी जलसे, ज्यांनी अन्याय सोसला तेच गात होते आणि तेच समोर बसून ऐकत होते. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी 1970च्या दशकात पीडितांच्या रंगभूमीची मांडणी केली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मग समावेशाचा हिशेब आम्ही का द्यायचा?

तरीही समासातले ते दोन शब्द बरोबर आहेत. का, ते बोआल यांच्याच फोरम थिएटरवरून कळतं.

पंधरा-वीस मिनिटांचं नाटक असतं आणि त्यात पीडित पात्र हरतं. तेच नाटक पुन्हा सुरू होतं. या वेळी प्रेक्षकांपैकी कोणीही ‘थांबा!’ म्हणून उठायचं, त्या पात्राची जागा घ्यायची आणि वेगळं काही करून पाहायचं. सूत्रधाराला इथे जोकर म्हणतात. कागदावर याहून खुली रंगभूमी सापडणार नाही. पण त्या एका ‘थांबा’मध्ये किती अटी दडल्या आहेत बघा. आवाज हवा, तो वेळेवर निघायला हवा, चारचौघांत ओरडायची सवय हवी, आणि पुढे रंगमंचाच्या पायऱ्या चढता यायला हव्यात. कर्णबधिर प्रेक्षक संवाद दुभाषाच्या हातांवर पाहतो. सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं असल्यामुळे दुभाषाला बरंचसं वाक्य ऐकूनच हात हलवावे लागतात आणि अर्थ काही क्षण उशिरा पोहोचतो. तोवर मालकाने कामगाराला दाराबाहेर काढलेलं असतं. अडवायचा क्षण निघून गेलेला असतो. दुभाषी रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला उभा असेल, तर प्रेक्षकाला त्याचे हात आणि नटाचा चेहरा यांपैकी एकच काहीतरी निवडावं लागतं. तोतरं बोलणाऱ्याचा ‘थां’ गर्दीत विरतो. अचानक ओरडण्याचा त्रास होणारा स्वमग्न प्रेक्षक तर या खेळाच्या नियमामुळेच बाहेर जाऊन बसतो.

यावर उपाय आहेत. ओरडण्याऐवजी उचलायला प्रत्येकाच्या हातात रंगीत कार्ड द्यायचं. जागेवरूनच नटाला ‘आता असं कर’ म्हणायची मुभा ठेवायची. किंवा जोकरने चार-पाच ठरलेल्या जागी नाटक स्वतःच थांबवून मनात दहा अंक मोजायचे. या तिसऱ्या उपायाने कर्णबधिर प्रेक्षकाला वेळ मिळतो खरा, पण कुठे थांबायचं हे आता जोकर ठरवतो. अन्याय नेमका कुठे सुरू झाला, हे ओळखायचा प्रेक्षकाचा हक्क त्यात जातो. संशोधनाचा प्रश्न इथे, या अडचणीत सापडतो. ‘समावेशक’ हा शब्दच काढून टाकायचा आणि लिहायचं: ‘फोरम थिएटरमध्ये थांबण्याचा क्षण प्रेक्षकाऐवजी जोकरने ठरवला, तर कर्णबधिर प्रेक्षक कोणत्या प्रसंगांत हस्तक्षेप करतात आणि कोणते प्रसंग हातचे जातात?’ याचं उत्तर पाहून, मोजून देता येतं.

मोजतानाही चुका होतात. त्याच प्रेक्षकांसमोर आधी ओरडण्याचा आणि मग कार्डाचा प्रयोग केला, तर दुसऱ्या वेळी माणसं तशीही धीट झालेली असतात. म्हणून निम्म्या गटांसाठी क्रम उलटा ठेवायचा, जोकर मात्र तोच. निरीक्षक दोन हवेत, आणि दोघांनी आपापल्या नोंदी स्वतंत्र करून नंतर पडताळायच्या. फक्त वर आलेले प्रेक्षक मोजणं ही सर्वांत मोठी चूक. कार्ड उचललं पण जोकरला दिसलं नाही, उठायला सुरुवात केली आणि पुन्हा बसला, याची वेगळी नोंद हवीच. त्यासाठी एक कॅमेरा प्रेक्षकांकडे तोंड करून लावावा लागतो. दुभाषाला संहिता आधी द्यावी. दोन दुभाषी असावेत, कारण वीस-तीस मिनिटांनी ते आळीपाळीने काम करतात.

संशोधनात भाग घेणाऱ्यांकडून घ्यायच्या संमतीपत्राबद्दल इथल्या व्यवस्थेचं मनापासून कौतुक वाटतं. इंग्लंड-वेल्समध्ये 2005चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला निर्णयक्षम मानूनच सुरुवात करतो. समजायला मदत केल्याशिवाय ‘याला कळत नाही’ असं ठरवता येत नाही. म्हणून माहितीपत्रक छोट्या वाक्यांत, चित्रांसह करतात आणि प्रयोगानंतर पुन्हा विचारतात. आपल्याकडच्या तालमीत गटप्रमुखाने ‘सगळे तयार आहेत’ म्हटलं की काम सुरू होतं. त्यात आपुलकी असते, पण नकार द्यायला जागा उरत नाही.

पण याच व्यवस्थेला एक गोष्ट दिसत नाही. 2010च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये भेदभावापासून संरक्षण देणारी नऊ वैशिष्ट्यं आहेत. जात त्यांत स्वतंत्रपणे नाही. 2013मध्ये संसदेने ती वंशाखाली आणायची तरतूद केली, 2018मध्ये सरकारने ते न्यायालयीन निकालांवर सोडायचं ठरवलं. त्यामुळे ब्रिटनमधल्या भारतीय प्रेक्षकांसमोर प्रयोग असला तरी तयार नमुन्यातल्या निरीक्षण-तक्त्यात जातीचा रकाना नसतो. कोण उठलं आणि कोण बसून राहिलं, यामागचं एक मोठं कारण नोंदलंच जात नाही. आणि रकाना वाढवून भागत नाही. संमतीपत्रावर पूर्ण नाव लागतं, आणि आडनाव लिहून घेतलं की आपल्या माणसाला जात विचारल्यासारखंच होतं. शेजारी बसलेल्यालाही ते वाचता येतं. म्हणून सह्यांचे कागद एकेकाकडून, बंद पाकिटात घ्यायचे. तक्त्यात फक्त क्रमांक. जातीचा प्रश्न ऐच्छिक ठेवून वेगळ्या कागदावर, प्रयोग संपल्यावर विचारायचा. चित्रफितीवरून संवाद लिहून काढताना जोकरने कोणाला आडनावाने हाक मारली असेल, तर तेही खोडायचं.