कारखान्याच्या कुंपणातली दफनभूमी

लाइन बंद असते तेव्हाच आमचं काम सुरू होतं, त्यामुळे गाड्यांच्या कारखान्यातल्या कंट्रोल्स इंजिनिअरला रविवार नसतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डेट्रॉइट आणि हॅमट्रॅमक या दोन शहरांच्या हद्दीवर जनरल मोटर्सचा प्लँट आहे. तिथे एका कंत्राटदारातर्फे मी रोबोंच्या सेलचं कमिशनिंग करत होतो, म्हणजे रोबोंचा एकेक गट तपासून चालू करून देत होतो. प्लँटचं नाव 'फॅक्टरी झिरो' झालं होतं आणि पेट्रोलच्या गाड्या जाऊन इलेक्ट्रिक हमर आली होती. सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी पाहतो तर गेटवर म्हातारी माणसं, वॉकर घेतलेल्या एक आजी, दोन लहान मुलं. सिक्युरिटीवाला सगळ्यांना निमूट आत सोडतोय. सेफ्टी शूज नसले तर आम्हाला पार्किंगमधूनच परत पाठवणारा हाच माणूस!

"नातेवाईकांना भेटायला आलेत," माझ्याबरोबरचा इलेक्ट्रिशियन म्हणाला. "चल, दाखवतो."

प्लँटच्या आवारातच, भिंतीच्या आत, बेथ ओलेम नावाची जुनी ज्यू दफनभूमी आहे. साधारण 1,100 थडगी. शेवटचा दफनविधी 1948 साली झालेला. पासओव्हर आणि रोश हशाना या सणांच्या आधीच्या रविवारी, म्हणजे वर्षातून दोनदा, ती उघडते. एरवी कारखान्याचं कुंपण. काही दगड कलले होते, हिब्रू अक्षरं झिजून बोटालाच लागतील एवढी उरलेली. वॉकरवाल्या आजींनी पर्समधून छोटा खडा काढून थडग्यावर ठेवला. त्यांच्यात फुलांऐवजी खडा ठेवतात. मागे ब्लोअरचा आवाज चालूच होता.

मी म्हणालो, एवढा मोठा प्लँट बांधताना ही जागा वाचली हे बरंच झालं की. तो म्हणाला, "हो, मेलेले वाचले. आम्ही जिवंत होतो."

मग कळलं की त्याचं घर इथेच होतं. शाळकरी होता तेव्हा. पेंट शॉपकडे हात करून म्हणाला, साधारण तिथे आमचं स्वयंपाकघर.

या वस्तीला पोलटाउन म्हणायचे. नावावरून वाटतं सगळे पोलंडहून आलेले. पण 1980 पर्यंत जवळजवळ निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची झाली होती, माझा हा इलेक्ट्रिशियन त्यांतलाच. बातम्यांत मात्र बहुतेक पोलिश आजीबाईच दिसल्या, हे त्याला अजून खुपतं.

1980 च्या सुरुवातीला शेजारचा डॉज मेन कारखाना बंद पडला, शहरात बेकारी वाढलेली. जनरल मोटर्सला नव्या प्लँटसाठी मोठी सलग जागा हवी होती. महापौर कोलमन यंग यांनी ती द्यायचं ठरवलं: 465 एकर. त्यात हजाराच्या वर घरं, चारेक हजार माणसं, चर्च, दुकानं, एक हॉस्पिटल. मिशिगनमध्ये नुकताच कायदा आला होता, की मालकी आधी शहराकडे आणि मोबदल्याची भांडणं मागाहून. रहिवासी कोर्टात गेले. मार्च 1981 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, रोजगार हेही सार्वजनिक हितच, म्हणून शहराला जागा घेता येईल. जागा मोकळी करायला सरकारी तिजोरीतून 20 कोटी डॉलरच्या आसपास गेले आणि कंपनीला ती 80 लाख डॉलरच्या घरात मिळाली.

वस्तीतल्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये लोक महिनाभर ठाण मांडून बसले होते. 14 जुलैला पहाटे पोलीस आत शिरले, माणसांना धरून नेलं आणि लगेच पाडकाम सुरू केलं. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले फादर कॅरासिएविच त्याच डिसेंबरात गेले. प्लँट 1985 मध्ये सुरू झाला. नोकऱ्या 6,000 म्हणाले होते. तेवढ्या काही झाल्या नाहीत. 2004 मध्ये त्याच न्यायालयाने आपला तो निकाल चुकीचा होता म्हणून फिरवला. तोवर तिथे ऑटोमॅटिक वेल्डिंग चालू होऊन जमाना झाला होता.

"आणि तू इथेच नोकरीला लागलास?" मी विचारलं.

"मग कुठे लागू? घर घेतलं, निदान पगार तरी घ्यावा की नाही?"

यावर मी काय बोलणार? आमची चाकणची जमीन एमआयडीसीत गेली. त्या पैशांतून माझं इंजिनिअरिंग झालं, आणि आज दुसऱ्यांच्या घरांवर उभ्या असलेल्या प्लँटमध्ये मी रोबो चालू करतोय. जमीन घेणं वाईटच, असं मला म्हणता येत नाही. पण घ्यायचीच तर आधी ताबा आणि मग भाव, हा क्रम मला कुठल्याच देशात पटत नाही. घर रिकामं झालेला माणूस कसली घासाघीस करणार?

दहा मिनिटांत आम्ही सेलवर परतलो. लाइट कर्टनची, म्हणजे माणूस आत आला की रोबो थांबवणाऱ्या प्रकाशाच्या पडद्याची, टेस्ट राहिली होती आणि सोमवारच्या शिफ्टला लाइन द्यायची होती.

रात्री वडिलांना फोनवर हे सगळं सांगितलं. दफनभूमी, चर्च, कोर्ट, सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, "तिथल्यांना भाव काय मिळाला रे?"

ते मी विचारलंच नव्हतं. पुढच्या रविवारी विचारलं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, पैसे वाईट नव्हते, वर सामान हलवायचा खर्चही दिला. त्याच्या वडिलांनी दुसऱ्या भागात याहून मोठं घर घेतलं. आईला मात्र त्या नव्या घराचं कौतुक कधी करताना ऐकलं नाही म्हणे.

वडिलांना कळवलं. "मग आपल्यापेक्षा बरे सुटले," म्हणाले, आणि चाकणच्या बाजारात कांदा कितीला गेला ते सांगायला लागले.