नवेगावबांधला थाळी बुडवायला गेलो होतो

डिसेंबरातल्या एका रविवारी मी आणि भाचा गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला जाऊन आलो. वाघ बघायला नाही, पक्ष्यांसाठीपण नाही (पक्षी दिसले ते फुकटात), तर तलावात ऊन किती खोल जातं ते मोजायला. घरी सांगितलं तर बायको म्हणे, यासाठी पाचला उठून डबा करू का मी?

झालं असं की भाच्यानं कुठंतरी वाचलं, स्वच्छ समुद्रात कामापुरतं ऊन साधारण 200 मीटरपर्यंत पोचतं आणि पाण्यातलं शेवाळ नि बारीक वनस्पती त्याच थरात अन्न बनवतात, खाली अंधार. मग त्यानं विचारलं, मामा, आपल्या बोडीत (म्हणजे गावतळ्यात) किती? आता मला काय माहीत. शोधलं तर कळलं की याला मशीन लागतच नाही, सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्यानं (हा खगोलशास्त्रज्ञपण होता) 1865 मध्ये भूमध्य समुद्रात बोटीवरून पांढरी थाळी सोडून ती कुठं दिसेनाशी होते ते बघितलं होतं, आजही तेच करतात. तळ्यासाठी 20 सेंटिमीटरची थाळी, चार भाग करून काळा-पांढरा रंग द्यायचा. आम्ही जुन्या डब्याचं झाकण घेतलं, खाली दगड बांधला, झालं.

आधी गावच्या बोडीत ट्रायल. पाणी हिरवंगार, थाळी हातभरसुद्धा गेली नाही की गायब. मग गाडी काढली. नागपूरहून येणाऱ्यांनी भंडारा-साकोली करत यायचं, दीडशे किलोमीटरच्या आसपास धरा, चहा-नाश्ता साकोलीतच उरका. रेल्वेनं यायचं तर गोंदिया-वडसा लाईनवर देवळगाव स्टेशन जवळ पडतं, पण गाड्या कमी आहेत, परतीची वेळ आधी बघा.

तलावाच्या पाळीवर (बांधावर) एक ढिवर (मासेमार) काका जाळं सोडवत बसले होते. थाळी बघून म्हणाले, "हे का होय जी? मासा फसवाचा हाय का?" सांगितल्यावर हसले, पण डोंग्यात (छोट्या होडीत) घेतलं. (पाण्यात उतरायच्या आधी वनविभागाच्या लोकांना विचारून घ्या, बाजूला अभयारण्य आहे. आणि लाईफ जॅकेट आपलं आपण न्या, डोंग्यात ते नसतं.)

डोंग्याच्या सावलीच्या बाजूनं थाळी सोडली. दोरीला मापाच्या गाठी होत्या, पहिली गाठ, दुसरी, तिसरी... पांढरे भाग आधी पिवळट झाले, मग शेवाळी, मग नुसता एक फिका डाग, आणि भाचा ओरडला गेली गेली! पावणेदोन मीटर. वर ओढली तर दीडच्या थोडं पुढं परत दिसली. दोन्हीची सरासरी घ्यायची, आणि तिच्या दुप्पट ते तिप्पट खोलीपर्यंत ऊन कामाचं असतं म्हणतात, तिथं वरच्या उजेडाचा जेमतेम 1 टक्का उरतो. म्हणजे इथं चारेक मीटर. काठाकडं तर तळापर्यंत ऊन, खाली हायड्रिला (पाण्यातलं गवत) अशी दाट की वल्हं अडकत होतं.

काका म्हणाले, ते गवत हाय तिथंच मासा अंडे देते जी, गढूळ झालं का गवतबी जाते न मासाबी. बरोबर आहे, पाणी ढवळलं की उजेड अडतो, उजेड नाही तर खालचं गवत मरतं. कतला वरच्या थरातलं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं, हे त्यांना आपल्यापेक्षा पक्कं माहीत. पहाटे बोडीत मासे वर येऊन तोंड उघडझाप का करतात तेपण त्यांनीच दाखवलंय अनेकांना, रात्री ऊन नाही म्हणजे नवा ऑक्सिजन नाही, आणि असलेला सगळे मिळून संपवतात.

आता आमची चूक. दोरी सुती घेतली होती, घरी कोरड्या दोरीला टेपनं मोजून गाठी मारल्या. भिजल्यावर ती आखडली. घरी येऊन परत मोजली तर मीटरमागं सहा-सात सेंटिमीटर कमी! म्हणजे वरचे सगळे आकडे थोडे जास्तच लिहिलेत, पावणेदोनचे खरे एक मीटर साठ-पासष्ट धरा. तुम्ही नायलॉनची घ्या, आणि तीपण भिजवून, दगड लटकवून मग मोजा.

दहा ते दोनच्या मधेच मोजा, ढग नसताना. गॉगल काढा, मी पहिलं माप गॉगल लावून घेतलं आणि भाच्यानं हसून घेतलं. वारा सुटला की लाटांनी काही दिसत नाही, म्हणून सकाळी लवकर पोचून थांबलेलं बरं. पावसाळ्यात जाऊ नका, तेव्हा सगळाच चहा असतो.

थाळी काकांकडंच ठेवून आलो. मे महिन्यात पाणी उतरल्यावर परत जाणार आहे, नव्या दोरीनं.