संक्षिप्तमधून काढलेल्या चार ओळी

त्या दिवशी क्रीडापानाचा लीड, म्हणजे मुख्य बातमी, दुपारीच ठरला होता. १६ ऑक्टोबर २०२३, नवरात्राची दुसरी माळ. मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिस २०२८ साठी पाच खेळांना मंजुरी मिळाली आणि त्यांत क्रिकेट होतं. १९०० च्या पॅरिसनंतर थेट आता, १२८ वर्षांनी. पणजीतल्या आमच्या मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी शिफ्टला आले तेव्हा हेडिंगसुद्धा तयार होतं. खाली लखनौची ऑस्ट्रेलिया-श्रीलंका मॅच, उजवीकडे दहा दिवसांवर आलेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेची फातोर्ड्यातली तयारी. पान भरलं.

लीडच्या शेवटी एक ओळ होती. स्क्वॉश, फ्लॅग फुटबॉल, बेसबॉल-सॉफ्टबॉल आणि लॅक्रोस यांनाही मान्यता. लॅक्रोस, जाळी लावलेल्या स्टिकने चेंडू झेलण्या-फेकण्याचा खेळ. ते वाचलं आणि माझा हात थांबला.

जुलै २०१० मध्ये मी याच डेस्कवर शिकाऊ होते. दक्षिण आफ्रिकेतला वर्ल्डकप नुकताच संपला होता, स्पेन जिंकला होता, आणि महिनाभर जागलेली माणसं जरा श्वास घेत होती. तेव्हा एजन्सीवर एक कॉपी आली. मँचेस्टरला लॅक्रोसची जागतिक स्पर्धा आहे, त्यात इरोक्वॉय नॅशनल्स नावाचा उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींचा संघ न्यूयॉर्कमध्येच अडकलाय. जगात चौथ्या क्रमांकाचा संघ. खेळाडू स्वतःच्या महासंघाच्या पासपोर्टवर प्रवास करत होते. ते पासपोर्ट काही अंशी हाताने लिहिलेले, म्हणून सुरक्षेला चालत नाहीत असं सांगण्यात आलं. अमेरिकेने आधी आढेवेढे घेतले, मग तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी एका वेळेपुरती सूट दिली. त्यानंतर ब्रिटनने व्हिसा नाकारला. सामन्याचा दिवस उजाडला तरी पोरं हॉटेलातच होती. तुम्हाला अमेरिकेचे पासपोर्ट तातडीने देतो, असंही त्यांना सांगितलं गेलं होतं. त्यांनी ते घेतले नाहीत. स्पर्धा सोडली.

मी ती बातमी 'संक्षिप्त'मध्ये घेतली, चार ओळी. रात्री जागा कमी पडली तेव्हा ती मीच काढली. कुणी रागावलं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण तेरा वर्षं ते माझ्या मनातून गेलं नाही, कारण नंतर वाचत गेले तसं कळलं की हा खेळच त्यांचा आहे. आज त्यांचा संघ हॉदेनोशोनी नॅशनल्स या नावाने खेळतो. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयूगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा हा महासंघ, अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. विधात्याने दिलेला खेळ, माणसाला बरं करणारा खेळ, असं ते त्याला मानतात. जुनी स्टिक मी फोटोत पाहिली आहे. हिकरीचं लाकूड वाफेवर वाकवलेलं, टोकाला कातड्याच्या पट्ट्यांची जाळी. मला आमच्या मानशीवरची, म्हणजे खाजणाच्या बांधातल्या पाणदारावरची, कोळंबी धरायची हातजाळी आठवली. मुलगा जन्मला की त्याच्याजवळ छोटी स्टिक ठेवतात आणि माणूस गेला की स्टिक त्याच्याबरोबर जाते.

वृत्तसंपादकांना म्हटलं, "सर, मला एक चौकट हवी. दीडशे शब्द."

"लॅक्रोसवर? आपल्याकडे कोण वाचणार?"

"खेळ ऑलिंपिकमध्ये आला, पण ज्यांनी तो जगाला दिला त्यांना तिथे जाता येईल की नाही हेच ठरलेलं नाही. ऑलिंपिकला राष्ट्रीय ऑलिंपिक समितीच संघ पाठवते आणि त्यांची तशी मान्यताप्राप्त समिती नाही. ही बातमी नाही का?"

ते काही क्षण गप्प राहिले. "साडेदहापर्यंत दे."

लिहायला बसले तर दीडशे शब्दांत काय काय घालू असं झालं. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मोहॉक खेळाडूंचा संघ कॅनडाच्या नावावर खेळला आणि कांस्यपदक घेऊन गेला. १९९० ला पर्थमध्ये ते पहिल्यांदा स्वतःच्या झेंड्याखाली जागतिक स्पर्धेत उतरले. २०१८ ला इस्रायलमधल्या नेतान्याला पोचायलाही पासपोर्टमुळेच उशीर झाला, तरी तिथे कांस्यपदक जिंकलं. २०१४ ला जिंकलं होतं, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात सॅन दिएगोलाही. ओळीने तीन वेळा जगात तिसरा संघ! आणि आयर्लंड. २०२२ च्या वर्ल्ड गेम्समधून हॉदेनोशोनींना वगळलं होतं, तेव्हा आयर्लंडच्या संघाने आपली जागा सोडली, ते खेळावेत म्हणून. खेळाच्या बातम्या लावण्यात माझी इतकी वर्षं गेली, पण याच्या तोडीचं फार थोडं हातून गेलं.

पान लावायला आमचे काका बसले होते, पेडण्याचे. हॉदेनोशोनी हे नाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग वाचता वाचता थांबले.

"बाय, ह्यांना अमेरिका पासपोर्ट देत होती?"

"होय, काका."

"आणि घेतला नाही?"

"नाही."

त्यांचा मुलगा इंग्लंडमधल्या स्विंडनला असतो. काकांचे वडील एकसष्टच्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला करून मुलाने पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवलं. आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत, त्यामुळे भारतीय पासपोर्ट जमा करावा लागला. "रद्दचा शिक्का मारून परत दिलेला, तो आमच्या कपाटात आहे," काका म्हणाले. "त्याची आई अजून पुसून ठेवते." मुलाचा त्यांना राग नव्हता. इथे काम नव्हतं, तिकडे मिळालं. पण बराच वेळ ते पडद्याकडे बघत राहिले.

चौकट नऊ ओळींनी जास्त झाली होती. वृत्तसंपादक मागे येऊन उभे राहिले, म्हणाले, आयर्लंड काढा. मी काही बोलायच्या आतच काकांनी लखनौचा फोटो वरून कापला, लीडमधला एक परिच्छेद आवळला आणि नऊच्या नऊ ओळी बसवल्या. सर बघत होते. काही बोलले नाहीत. अकरा पन्नासला पान सोडलं.

डिसेंबरमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी हॉदेनोशोनींना लॉस एंजेलिसला स्वतःच्या झेंड्याखाली खेळू द्यावं, असा पाठिंबा जाहीर केला. मी कॉपी उघडली तेव्हा काका खुर्ची ओढून बसतच होते.

"बाय, आज किती ओळी?"

"दोन कॉलम, काका."